आमची चिमी मावशी नाही

आमच्या अख्ख्या खानदानात 'बाई' झालेली एकच, ती माझी धाकटी बहीण. अंगापिंडानं बारकी, म्हणून लहानपणापासून सगळे तिला चिमी म्हणतात. आता पन्नाशीकडे झुकली, चष्मा लागला, केस पिकले, तरी चिमीच. पण शाळेच्या फाटकातून आत गेली की ती बाई. बालवर्गाची बाई. फाटक ओलांडलं की तिची चालसुद्धा बदलायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर तुरुतुरु, आत एकदम संथ, जशी काही गावाची मालकीणच.

माझं विचाराल तर मी नववीत शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं नाही, मी शाळेला सोडलं, हे नीट ध्यानात घ्या. सोफे, खुर्च्या, गाद्या यांचं काम शिकलो आणि आज या भागात ज्याचं म्हणून बूड मऊ जागेवर टेकतं, त्यातलं निम्मं माझ्या हातचं आहे. बँकेचा मॅनेजर माझ्या कामावर बसतो, दातांचा डॉक्टर माझ्या कामावर पेशंट आडवे पाडतो. मी कधी कुणाला विचारलं नाही की बाबा रे, तुझी डिग्री काय. स्प्रिंगला डिग्री कळत नाही, वजन कळतं.

चिमी माझ्यापेक्षा शिकलेली. बारावी झाली, कॉलेजचं पहिलं वर्षही पास झाली. तेवढ्यात ही शाळा निघाली. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग, आणि बालवर्गाला बाई पाहिजे होती. चिमी भेटायला गेली तर मुख्याध्यापकांना यायला उशीर. ते आले तेव्हा दोन पोरं तिच्या मांडीवर चढून बसली होती आणि तिसरं तिच्या वेणीशी खेळत होतं. ते म्हणाले, "उद्यापासून या." झाला इंटरव्ह्यू. कॉलेज तिथंच राहिलं. पुढं लग्न झालं. मेहुणे कंपनीची गाडी चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. चिमीचं खरं घर म्हणजे तो वर्ग.

मी उगाच बहिणीचं कौतुक करणारा माणूस नाही. ती गाते बेसूर. चित्र काढलं तर गाय कुठली आणि कुत्रा कुठला हे खाली लिहिलेल्या नावावरून कळतं. आणि ऱ्हस्व-दीर्घाशी तर तिचं जन्मापासून वाकडं. पण पहिल्या दिवशी पोर दारात आईच्या पायाला मिठी मारून रडायला लागलं, की बाकीच्या बाया त्याला ओढतात. चिमी ओढत नाही. ती शेजारी खाली बसते आणि आपल्या चपलेचा पट्टा काढते, लावते, काढते, लावते, जसं काही तिला जमतच नाही. पोर रडता रडता बघतं. शेवटी त्याला राहवत नाही, आईचा पाय सोडून ते हिच्या मदतीला येतं. हे तिला कुणी शिकवलं नाही आणि कुठल्या कॉलेजात शिकवत असतील असं मला वाटत नाही. शिकवत असले तर चांगलंच आहे.

तर एका सकाळी तिनं फळ्यावर एक फूल काढलं आणि खाली लिहिलं, 'फुल'. फ ला पहिला उकार. मुलाला सोडायला आलेल्या एका बापानं खिडकीतून त्याचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला.

मला हे कसं कळलं, तर तोच बाप माझं गिऱ्हाईक. त्याच्या सोफ्याचं कापड बदलायचं होतं. दुकानात आला आणि हसत हसत मोबाईल माझ्या नाकाशी धरला. "बघा काय बाई ठेवल्यात. यांना फूल लिहिता येत नाही." खाली लोकांचे मेसेज. या मॅडमचं क्वालिफिकेशन काय? कुणीतरी लिहिलेलं, बारावी म्हणे. त्याच्याखाली तोंडावर हात ठेवून हसणारी पिवळी तोंडं, रांगेनं.

बाई माझी बहीण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "मग कसं लिहितात?"

"दुसरा उकार. फू."

"बरं झालं सांगितलंत. तुमच्या सोफ्याचं कापड फुलांचंच आहे. चुकून पहिल्या उकाराची फुलं लावून बसलो असतो."

तो पुन्हा हसला. काही लोकांना टोमणाही समजावून सांगावा लागतो, आणि हा तर पदवीधर होता.

संध्याकाळी मी चिमीकडे गेलो. ती वाटाणे सोलत होती. तिला सगळं कळलेलं होतं. म्हणाली, "दादा, गंमत माहितीये का? एक असलं की फूल, दुसरा उकार. दोन झाली की फुलं, पहिला उकार. मी दोन काढणार होते रे, तेवढ्यात घंटा झाली."

आम्ही दोघं हसलो. हसायला नको होतं. पुढं काय वाढून ठेवलंय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

जुने मुख्याध्यापक कधीच निवृत्त झालेले. आता शाळा चालवतात ते संस्थेचे सचिव. मी त्यांना डबल म्हणतो, कारण ते डबल ग्रॅज्युएट आहेत आणि हे ऐकवल्याशिवाय ते एकही दिवस जाऊ देत नाहीत. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नाव एक ओळ आणि पदव्या दोन ओळी. पाहुण्यानं पाटी वाचून संपवेपर्यंत आतला चहा गार होतो.

डबलनी चिमीला बोलावून सांगितलं की आता बालवर्गालाही पदवीधरच हवी, पालकांचा आग्रह आहे. पण आम्ही माणुसकी सोडलेली नाही. तुम्हाला काढत नाही. वर्ग तोच, वेळ तीच, पगारही तोच. नव्या मॅडम येतील, तुम्ही त्यांच्या मदतीला. फक्त संबोधनात बदल. मुलांनी यापुढे तुम्हाला मावशी म्हणायचं.

आता ज्याला शाळा माहीत आहे त्याला हे समजवायला नको. शाळेत शिकवते ती बाई. फरशी पुसते, पाणी भरते, चड्डी ओली झालेल्या पोराला धुऊन आणते ती मावशी. मावशी हा शब्द वाईट नाही. आमची सख्खी मावशी होती, देवमाणूस. पण घरातली मावशी वेगळी आणि शाळेतली मावशी वेगळी, आणि हे सगळ्यात पक्कं कुणाला माहीत असतं, तर त्या डबलला.

मी ऐकून घेणारा नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून गेलो. डबलनी बसा म्हटलं, आवाजात साखर.

"मी बालवर्गाच्या बाईंचा थोरला भाऊ."

"मावशींचा," ते म्हणाले. नुसतंच म्हणाले, जसं कुणी शर्टवरची धूळ झटकतं.

"इतकी वर्षं ती बाई होती. एका रात्रीत मावशी कशी झाली? काही आजार-बिजार झाला का तिला?"

"आपल्या भावना समजू शकतो. आपलं शिक्षण?"

"नववी."

"पास?"

"नववीत बसलो होतो. आता तुम्ही ज्या खुर्चीत बसलाय ना साहेब, तिची गादी मी भरलीय. बसताना तिचं शिक्षण विचारलंत का?"

ते हसले. दात न दाखवता हसतात तसं. "तुम्ही फार गोड बोलता," म्हणाले आणि घंटी वाजवली. म्हणजे मी जावं. मला त्या हसण्याची अशी किळस आली की दाराबाहेर येऊन मी थुंकलो. रागाचं बरं असतं, राग उतरतो. किळस तोंडात राहते.

चिमी मात्र माझ्यावरच भडकली. "दादा, तुला कुणी सांगितलं होतं जायला? आता ते म्हणतात, मावशी घरातून माणसं आणून दबाव टाकतात."

"तू त्यांचा शब्द वापरलास."

"तोंडात आला," म्हणाली.

नव्या मॅडम आल्या. पोरगी चांगली होती, तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. दोन पदव्या पदरात, आणि एवढं शिकून नोकरी मिळाली ती बालवर्गाची, त्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर सदा दिसायचं. वर्गाचं दार बंद असलं की ती चिमीला विचारायची, "बाई, हा सारखा चावतो, याचं काय करू?" दार उघडलं, कुणाचं पाऊल वाजलं, की लगेच, "मावशी, जरा पाणी आणा."

हे चिमीनंच मला सांगितलं, आणि वर पोरीची बाजूही घेतली. "तिला तरी नोकरी टिकवायची आहे ना, दादा."

"म्हणजे दाराआड बाई आणि दारात मावशी. असल्या वागण्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात माहितीये? वरून मखमल, आत चिंध्या."

"तुझ्या धंद्यातलं सगळीकडे लावू नकोस."

शाळेत खरी मावशी होतीच. पहिल्यापासूनची. जिभेला हाड नाही अशी बाई, पण मनानं स्वच्छ. तिनं पहिल्याच आठवड्यात चिमीला ऐकवलं, "माझ्या गादीवर दुसरीला बसवली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. निदान झाडू तरी वाटून घेऊ." पोरांचा तर नुसता गोंधळ. बाईला मावशी म्हणायचं, मावशीलाही मावशी म्हणायचं, आणि जिला काहीच येत नाही तिला मॅडम म्हणायचं. पोरं ती. जीभ सवयीनं वळते. तोंडातून बाईच निघायचं.

आणि एक दिवस डबल फेरीवर असताना निघालं. एक चार वर्षांचं पोर, डब्याचं झाकण उघडेना म्हणून ओरडलं, "बाई, ओ बाई." डबल थांबले. त्याला उभं केलं. "कोण आहेत त्या?" पोर म्हणालं, "बाई." "नाही. मावशी. म्हण." पोरानं डबा पोटाशी धरला. "म्हण बघू. सगळ्यांसमोर म्हण." पोराचा ओठ थरथरायला लागला. नव्या मॅडम खाली बघत होत्या.

तेव्हा चिमी गुडघ्यावर बसली, त्याचा डबा उघडून दिला आणि म्हणाली, "अरे, मीच चुकले. मी मावशीच आहे. म्हण पटकन, म्हणजे खाऊ खाता येईल."

त्यानं म्हटलं. मग सगळ्या वर्गानंच म्हटलं, एका सुरात, कवितेसारखं.

हे सांगताना चिमी रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती एवढंच म्हणाली, "दादा, ते त्याला मारत नव्हते रे. पण मारलं असतं तर बरं झालं असतं, असा चेहरा केला होता त्यानं."

माझी बायको म्हणाली, "वन्सं, सोडून द्या ती शाळा." चिमीनं ऐकलं नाही. तिला ती पोरं हवी होती. नुसतं एक नाव जातंय म्हणून वर्ग कशाला सोडायचा, असं तिचं म्हणणं. मला तिचाही वैताग आला, खोटं कशाला बोलू. वाकणाऱ्याला अजून वाकवतात. दुकानातल्या तारेलाही हे माहीत असतं.

मग स्नेहसंमेलन आलं. आणि शाळेनं ठरवलं की चिमीचा सत्कार करायचा. कशाबद्दल? 'आदर्श मावशी'. काचेचं स्मृतिचिन्ह, लाकडी बैठकीवर बसवलेलं. असली किळसवाणी गोष्ट फक्त शिकलेल्यांनाच सुचते. आमच्यासारखा माणूस फार तर शिवी देईल. शिवीला काचेत बसवून, फुलांचा गुच्छ लावून, फोटोग्राफर बोलावून द्यायला डोकं लागतं.

मी पहिल्या रांगेत बसलो. बसू नका म्हणत होते, ती पाहुण्यांची होती. मी म्हटलं, मी पाहुणाच आहे. डबल भाषणाला उठले. बरंच बोलले. मला एकच वाक्य आठवतं, कारण ते माझ्या पोटात अजून आहे. "पदवी नसली तरी माणूस मोठा असू शकतो."

त्या 'तरी'कडे लक्ष द्या. सगळा माज त्या एका 'तरी'त आहे. कुणी असं म्हणतं का, पदवी असली तरी माणूस मोठा असू शकतो? मी म्हणतो. पण मला माईक कोण देणार.

चिमीला वर बोलावलं. ती तिच्या बाहेरच्या चालीनं गेली, तुरुतुरु. डबलनी स्मृतिचिन्ह दिलं, फोटो झाला, टाळ्या झाल्या. ती खाली उतरेल असं सगळ्यांना वाटलं. ती माईककडे वळली. माईक तिच्या डोक्याच्या वर होता. तिनं तो वाकवला, त्यानं शिट्टी मारली, सगळे हसले.

"हा मान मावशींचा आहे," ती म्हणाली. "मावशी, वर या ना."

खरी मावशी पडद्याच्या कडेला उभी होती. एका पोराचा मुकुट घसरत होता, तो एका हातानं धरून. तिला कळेना. "मी?" म्हणाली. "तुम्हीच. दुसरी कोण मावशी आहे इथं?" ती आली, मुकुटवाल्या पोरासकट आली, कारण सोडलं असतं तर मुकुट पडला असता. चिमीनं ते काचेचं तिच्या हातात ठेवलं.

मग माईककडे परत तोंड करून म्हणाली, "मी बाई आहे."

बस. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. ऱ्हस्व कुठंच नसलेलं साधं वाक्य. आणि उतरताना ती त्या दुसऱ्या चालीनं उतरली, संथ.

टाळ्या तर अशा पडल्या की मला वाटलं आता डबलचं काही खरं नाही. पालक उभे राहिले. तो फोटोवाला बापही उभा राहिला. त्यानं सगळं मोबाईलवर घेतलं आणि त्याच ग्रुपवर टाकलं, त्याच ग्रुपवर, आणि वर लिहिलं, 'प्रेरणादायी'.

मला माझ्या बहिणीचा किती अभिमान वाटला ते सांगायला बसलो तर कागद पुरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला मी ती गोष्ट सांगत होतो. खिळे मारता मारता सांगत होतो.

त्याच दिवशी शाळेनं चिमीला फाटकात थांबवलं. सगळ्या स्टाफसमोर सचिवांची माफी मागायची आणि मावशी म्हणून कामावर यायचं. नाहीतर यायचं नाही. विचार करायला आठवडाभराची मुदत, कारण माणुसकी सोडलेली नाही.

मी त्या बापाला फोन केला. म्हटलं, तुम्ही एवढं प्रेरणादायी लिहिलंत, आता दहा पालक घेऊन जा, दोन शब्द बोला. तो म्हणाला, "पोराला अजून दहा वर्षं त्याच शाळेत काढायचीत हो. उगाच वाकड्यात कशाला शिरायचं?" इतके दिवस रेंगाळलेला त्याचा सोफा मी पूर्ण केला. काम वाकडं करणं माझ्या हाताला जमत नाही. पण न्यायला आला तेव्हा त्याला बस म्हटलं नाही. त्याच्याच सोफ्यावरसुद्धा नाही.

आठवडा संपत आला तशी चिमी डळमळायला लागली. "माफी मागितली तर काय झिजणार आहे, दादा? तोंडानं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. जूनमध्ये नवी पोरं येतील."

"आणि 'मी बाई आहे' म्हणालीस त्याचं काय?"

"म्हणून झालं ना. एकदा म्हटलं, पोट भरलं."

"माझं नाही भरलं."

"तुझ्यासाठी नव्हतं म्हटलं."

मी चपला घातल्या आणि घरी आलो.

शेवटच्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो ते भांडायच्याच तयारीनं. ती इस्त्री केलेली साडी नेसून, पर्स घेऊन निघालेली. मी दारात आडवा उभा राहिलो. ती म्हणाली, "सरक." तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "मलाही आत येऊ द्या की." खरी मावशी. शाळेत जाता जाता वाकडी वाट करून आली होती.

"बाई, तुम्ही येताय असं कळलं, म्हणून आधी सांगायला आले," ती म्हणाली. "ते काचेचं होतं ना, ते त्यांनी परत नेलं माझ्याकडून."

"कुणी?"

"सचिवांनी शिपाई पाठवला घरी. म्हणे संस्थेची वस्तू आहे, चुकीच्या माणसाकडे गेलीय. तुम्ही माफी मागितली की तुम्हाला पुन्हा देणार आहेत, कार्यक्रम करून." ती हसली. "मला काय करायचंय ते. त्यातून पाणीसुद्धा पिता येत नाही. पण नातीनं रोज पुसलं होतं. तिला काय सांगू, एवढंच म्हणते मी."

चिमीनं पर्स खाली ठेवली. नुसती ठेवली, आणि मावशीला खुर्ची दिली. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "दादा, तू जरा गप्प बस." मी बसलो.

चहा होतोय तोवर फोन वाजला. शाळेचा क्लार्क. तिनं स्पीकरवर लावला, कारण हातात गाळणी होती.

"मावशी, साहेब वाट बघतायत. येताय ना?"

"मावशी इथंच बसल्यात," चिमी म्हणाली. "देऊ का त्यांना?"

क्लार्क गोंधळला. "अहो, मग तुम्ही कोण बोलताय?"

"बाई."

पलीकडे कुणीतरी लांबून काहीतरी विचारलं आणि फोन कट झाला.

तिनं चहा गाळला, तीन कपांत ओतला, मावशीच्या हातात एक दिला, माझ्यापुढं एक ठेवला. आपला तसाच ओट्यावर ठेवून, पर्सही न उचलता, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मावशीनं चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि कामाला निघून गेली. तिला उशीर झाला तर चालत नाही. मी दाराशी बराच वेळ बसून होतो. चिमीला हाक मारावीशी वाटली, पण चिमी म्हणून मारू की बाई म्हणून ते कळेना, म्हणून नुसताच बसलो.